बाजूने दिसणारी सायकल

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आमच्या आधीच्या वक्त्यांनी संतवाङ्मय, नाट्यसंगीत आणि मराठ्यांचा उत्तरेतील इतिहास अशा भारदस्त विषयांवर आपणांस तृप्त केले आहे. त्या पाठोपाठ सायकलीच्या चाकाला लावावयाच्या दिव्यावर बोलावयास उभे राहणे म्हणजे श्रीखंडपुरीच्या पंगतीत थालीपीठ वाढण्यासारखे आहे, याची आम्हांस जाणीव आहे. त्यातून आम्ही कला शाखेचे साधे पदवीधर, आणि गेली तीस वर्षे केंद्र सरकारच्या कचेरीत फायलींच्या संगतीत काढलेली. यंत्रशास्त्रावर अधिकारवाणीने बोलण्याचा आमचा दावा मुळीच नाही. परंतु विषय रोजच्या रस्त्याचा आहे, त्यातले गणित शाळकरी आहे, आणि त्यात माणसांचे प्राण गुंतलेले आहेत. म्हणून हे धाडस.

आपल्या या कानपुरात डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत पहाटे कसे धुके पडते, हे आपणांस सांगावयास नको. मुंबई-पुण्याहून नव्याने बदलून आलेल्या कुटुंबाला पहिल्या हिवाळ्यात त्याचे अप्रूप वाटते, दुसऱ्या हिवाळ्यात धास्ती. आपण त्या वेळी रजईत असतो. परंतु आपल्या दारात दूध येते, वर्तमानपत्र येते, रात्रपाळीचा चौकीदार घरी जातो आणि सकाळच्या पाळीचा कामगार कारखान्याकडे निघतो, ही सारी माणसे त्याच धुक्यातून आणि बहुतांशी सायकलीवरून जातात. संध्याकाळी काकादेवच्या शिकवणी वर्गांतून बाहेर पडणारी मुलेही पुष्कळदा सायकलीवरच असतात. आपल्यापैकी अनेकांची सायकल जिन्याखाली गेली असेल, पण आपला संसार अजून सायकलीवरच चालतो, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

सायकलीच्या दिव्याचा आणि मराठी माणसाचा संबंध तसा जुना. पुण्याला सायकलींचे शहर म्हणत असत. त्या काळी सायकलीला नगरपालिकेचा बिल्ला लागे, आणि दिव्याविना सायकल हाकणे व डबलसीट जाणे हे मध्यमवर्गीय मराठी तरुणाच्या हातून घडणारे दोन प्रमुख गुन्हे होते. कोपऱ्यावर पोलीस दिसताच टुणकन उतरून सायकल हातात धरून चालू लागण्याची कला तर वडिलांकडून मुलाकडे येत असे. आरंभी घासलेटचे दिवे होते, मग कार्बाइडवर पाणी ठिबकवून वायू पेटविणारे दिवे आले, आणि त्यानंतर टायरला घासून फिरणारा डायनॅमो आला. तो बिचारा सायकलस्वाराच्या श्रमावर जगे. चढावर वेग मंदावला की उजेडही मंदावे, आणि चौकात थांबले की विझून जाई. म्हणजे ज्या ठिकाणी दिसणे सर्वांत अगत्याचे, नेमक्या त्याच ठिकाणी तो मौन धारण करी.

या सर्व दिव्यांत एक गोष्ट समान होती. ते सायकलस्वाराला पुढचा रस्ता दाखविण्यासाठी होते. मागून येणाऱ्यासाठी मडगार्डावर तांबडी काच असे. पुढच्याची सोय झाली, मागच्याची झाली, पण बाजूने येणाऱ्यासाठी कोणतीच व्यवस्था नव्हती. आजही बहुसंख्य सायकलींची हीच स्थिती आहे.

वास्तविक पाहता सायकल समोरून जेमतेम हातभर रुंद आणि बाजूने चांगली सहा फूट लांब. तेव्हा बाजूनेच ती अधिक ठळक दिसावयास हवी. पण होते उलट. बाजूने पाहिल्यास सायकल म्हणजे दोन बारीक कडी आणि चार नळ्या. उरलेला सारा भाग आरपार. आपल्या नेहमीच्या सायकलीला पुढच्या चाकात ३२ आणि मागच्या चाकात ४० आरे असतात, पण रात्री त्या ७२ आऱ्यांतून पलीकडचा अंधारच दिसतो. त्यात चौकट काळी, टायर काळे, आणि वर बसलेल्या माणसाच्या अंगावर गडद घोंगडी. पुढचा दिवा समोर पाहतो, मागची तांबडी काच मागे पाहते, आणि आडव्या रस्त्याने येणाऱ्या मोटारवाल्याच्या वाट्याला केवळ काळोख येतो.

येथे सायकलस्वाराच्या मनाचा एक स्वाभाविक भ्रम नमूद करावयास हवा. त्याला मोटारीचे दिवे दुरून लख्ख दिसतात. त्यामुळे त्याची अशी समजूत होते की, ज्याअर्थी मला ती दिसते आहे त्याअर्थी तिलाही मी दिसत असणार. परंतु पाहणे आणि दिसणे या दोन क्रिया सर्वस्वी भिन्न आहेत. उजेडात उभ्या असलेल्या माणसाला अंधारातला माणूस पाहू शकतो, उलट मात्र होत नाही. हा भ्रम दूर झाला तरी आमचे निम्मे काम झाले.

आता थोडे गणित. समजा, आडव्या रस्त्याने ताशी ४५ किलोमीटर वेगाने मोटार येत आहे आणि आपला सायकलस्वार ताशी १५ किलोमीटर वेगाने चौकाकडे निघाला आहे. दोघांची टक्कर व्हावयाची असेल, तर टकरीपूर्वी तीन सेकंद मोटार चौकापासून साडेसदतीस मीटरवर आणि सायकल साडेबारा मीटरवर असते. दोन सेकंद आधी मोटार २५ मीटरवर आणि सायकल सव्वाआठ मीटरवर. अंतरे घटतात, परंतु त्यांचे तीनास एक हे प्रमाण कायम राहते. याचा अर्थ असा की, चालकाच्या दृष्टीने सायकल सदैव एकाच कोनात, सुमारे १८ अंश बाजूला, जणू स्थिर उभी असते. ती काचेवरून सरकत नाही. काचेच्या कडेचा खांब आड आला, तर अखेरपर्यंत आडच राहतो. दर्यावर्दी मंडळींना हे पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. दुसऱ्या गलबताची दिशा बदलत नसेल आणि अंतर मात्र कमी होत असेल, तर टक्कर अटळ समजून सुकाणू फिरवावे, हा त्यांचा पहिला धडा.

या १८ अंशांत आमच्या विषयाचे सारे मर्म आहे. मोटारीच्या दिव्याचा मुख्य झोत सरळ पुढे पडतो, बाजूला तो झपाट्याने क्षीण होतो. ताशी ४५ किलोमीटर वेगाच्या मोटारीला, चालकाच्या ध्यानात येऊन ब्रेक लागेपर्यंतचा दीड सेकंद जमेस धरता, कोरड्या रस्त्यावरही थांबण्यास बत्तीस-तेहतीस मीटर लागतात. मोटार तेवढ्या अंतरावर असताना सायकल चौकापासून दहा-अकरा मीटर दूर, म्हणजे झोताच्या बाहेर असते. ती झोतात येते तेव्हा ब्रेकची वेळ टळून गेलेली असते.

आता रिफ्लेक्टरचा, म्हणजे परावर्तकाचा विचार करू. चाकाच्या आऱ्यांत बसविलेली पिवळी किंवा पांढरी पट्टी आपण पाहिली असेल. तिच्या अंगी असा गुण असतो की, पडलेला प्रकाश ती इतस्ततः न उधळता ज्या दिशेने आला त्याच दिशेने परत पाठविते. म्हणून मोटारवाल्याला ती चमकताना दिसते. अमेरिकेत १९७०च्या दशकात झालेल्या नियमांनी नव्या सायकलींवर बाजूचे परावर्तक आवश्यक ठरविले. जर्मनीत चाकांतील पिवळे परावर्तक किंवा टायरवरील पांढरी परावर्तक कडी यांचा नियम आहे. सायकलींचा देश म्हणून ख्याती असलेल्या हॉलंडनेही १९८०च्या दशकात चाकांचे परावर्तन सक्तीचे केले. आपल्याकडे केंद्र सरकारने २०२० साली सायकलींच्या परावर्तकांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढून त्यांना भारतीय मानकाच्या कक्षेत आणले. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. परंतु असा आदेश कारखान्याच्या दारातून निघणाऱ्या नव्या मालाला लागू पडतो. आपल्या दूधवाल्याच्या वीस वर्षे जुन्या सायकलीपर्यंत तो पोहोचणार कसा?

परावर्तकाची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. तो स्वस्त आहे, त्याला सेल लागत नाही, तो विसरत नाही आणि सहसा बिघडतही नाही. सायकलस्वार सावकाश रस्ता ओलांडीत असेल, किंवा दुभाजकापाशी आडवा थांबला असेल, तर झोत थेट त्याच्यावर पडतो आणि परावर्तक प्राण वाचवू शकतो. पण त्याच्या दोन मर्यादा आहेत. पहिली आताच सांगितली. ज्याच्यावर उजेड पडत नाही तो उजेड परत करणार कोठून? परावर्तक हा उधारीवर जगणारा आहे. दुसरी मर्यादा धुक्याची. मोटारीचा प्रकाश धुक्यातून परावर्तकापर्यंत जातो आणि तितक्याच धुक्यातून पुन्हा चालकाच्या डोळ्यांपर्यंत येतो, म्हणजे त्याला धुक्याचा कर दोनदा भरावा लागतो. जाताना दहावा हिस्सा शिल्लक राहिला, तर परत येईतो शंभरावा हिस्सा उरतो. सायकलीवर स्वतःचा दिवा असेल, तर त्याला हा कर एकदाच पडतो. कानपूरच्या पहाटे हा फरक फार मोठा आहे.

म्हणूनच आमचे म्हणणे असे की, चाकाला स्वतःचा दिवा असावा. जहाजांच्या बाबतीत माणसाने ही अक्कल केव्हाच वापरली आहे. रात्री चालणाऱ्या जहाजाला डाव्या अंगास तांबडा व उजव्या अंगास हिरवा दिवा लावावा लागतो, आणि प्रत्येक दिवा समोरपासून बाजूपर्यंत साडेएकशेबारा अंशांत दिसावा, असे १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत नमूद आहे. अथांग समुद्रावर, जेथे दोन जहाजांची गाठ क्वचित पडते, तेथे बाजूच्या दिव्याचा कायदा आहे. जेथे पावलोपावली गाठ पडते त्या जी. टी. रोडवर मात्र सायकलीच्या बाजूला दिवा नाही!

चाकातला दिवा म्हणजे काही गहन यंत्र नव्हे. एक लहानसा एलईडी, नाण्याच्या आकाराचा तीन व्होल्टचा सेल आणि आऱ्यावर बसविण्याची चाप. काही दिवे हवा भरण्याच्या नळीच्या टोपणाच्या जागी बसतात. काहींत दिव्यांची माळच आऱ्यांतून गुंफलेली असते. काहींना सेलच नसतो, आऱ्यावर बसविलेले लोहचुंबक फिरताना शेजारच्या वेटोळ्यात वीज निर्माण करते. ज्याला जे परवडेल ते त्याने घ्यावे, तत्त्व एकच.

या दिव्याची गंमत त्याच्या फिरण्यात आहे. डोळ्यावर उमटलेले चित्र सुमारे एक दशांश सेकंद टिकते. लहानपणी जळते कोलीत फिरवून आपण सर्वांनी उजेडाचे कडे काढले आहे, तेच हे. २८ इंची चाकाचा घेर सव्वादोन मीटरच्या आसपास. ताशी १५ किलोमीटर वेगात ते सेकंदाला जवळजवळ दोन फेरे घेते. म्हणजे एका दशांश सेकंदात एक दिवा वर्तुळाचा सुमारे पाचवा हिस्सा रेखाटतो. पूर्ण कडे हवे असेल तर पाच-सहा दिवे लागतील, परंतु तेवढ्याची गरज नाही. चाकाला दोन किंवा तीन दिवे पुरेत.

कडे पूर्ण नसण्यात उलट एक फायदा आहे. रस्त्याच्या कडेस उभ्या असलेल्या माणसाला कडेजवळचा दिवा सरळ जाताना दिसत नाही. तो कमानीमागून कमान टाकीत जातो. जमिनीलगत आला की क्षणभर जणू थांबतो, आणि माथ्यावर पोहोचला की सायकलीच्या दुप्पट वेगाने पुढे झेपावतो. दुकानाचा दिवा, खांबावरचा दिवा, रिक्षाचा दिवा, कोणताही दिवा असा उड्या मारीत जात नाही. त्यामुळे पाहणाऱ्याला नुसते 'काहीतरी आहे' एवढेच कळत नाही, तर 'ही सायकल आहे आणि ती या बाजूस चालली आहे' हे कळते. ओळख पटणे हे दिसण्याइतकेच महत्त्वाचे. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात बंदिस्त मार्गावर रात्री मोटारचालकांची परीक्षा घेतली. काळ्या कपड्यांतील सायकलस्वार शंभरात दोनदाच ओळखला गेला. परावर्तक जाकिटासोबत घोट्यांना आणि गुडघ्यांना चमकत्या पट्ट्या बांधल्यावर हेच प्रमाण नव्वदपर्यंत गेले. पाय वरखाली होताना दिसले की माणूस ओळखू येतो. फिरत्या चाकाचे मर्म त्याच जातीचे आहे.

दुसरा दाखला डेन्मार्कचा. तेथील ओडेन्से शहरात २००४-०५ साली जवळजवळ चार हजार सायकलस्वारांवर प्रयोग झाला. चाकावरील लोहचुंबकाने पेटणारे आणि दिवसरात्र चालू राहणारे दिवे एका गटास देण्यात आले. त्या गटात इजा झालेल्या अपघातांचे प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा १९ टक्क्यांनी कमी आढळले. हे दिवे पुढचे आणि मागचे होते, बाजूचे नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगावयास हवे. तरीपण स्वाराने आठवण ठेवून पेटवावा न लागणारा दिवा किती उपयोगी पडतो, हे त्यावरून उघड होते.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. पहिली, चाकाचे दिवे पुढच्या दिव्याची आणि मागच्या तांबड्या दिव्याची जागा घेत नाहीत. ते त्यांच्या जोडीला आहेत. दुसरी, बाजूसाठी पिवळसर रंग निवडावा. पुढून तांबडे दिसले, तर सायकल येते की जाते याचा घोटाळा होतो. रंगीबेरंगी लुकलुक जत्रेत शोभते, चौकात ती निरर्थक. तिसरी, दिवे पक्के बांधावेत आणि समोरासमोर बसवावेत. ताशी १५ किलोमीटर वेगातही कडेजवळच्या वस्तूला तिच्या वजनाच्या चार-पाच पट ओढ लागते, म्हणून दहा ग्रॅमचा दिवा चाळीस-पन्नास ग्रॅमच्या जोराने सुटू पाहतो. तो ब्रेकला वा चिमट्याला घासत नाही ना, हे चाक हाताने फिरवून पाहावे. चौथी, ज्यांना दिवा परवडत नाही त्यांनी निदान आऱ्यांवर परावर्तक नळ्या चढवाव्यात आणि पायडलांना पट्टी लावावी. उधारीचा उजेडही अंधारापेक्षा बरा.

एक शंका कोणाच्याही मनात येईल. मोटारवाल्याने वेग आवरावा, पालिकेने रस्त्यावरचे दिवे नीट ठेवावेत, सर्व भार गरीब सायकलस्वाराच्याच माथी का? ही शंका रास्त आहे. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यांवरील अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यांत चार हजारांहून अधिक सायकलस्वार होते. त्यांना धडक देणारी वाहने बहुतेक त्यांच्याहून वजनाने कितीतरी पट जड असणार. ज्याच्या हाती अधिक शक्ती, त्याचे उत्तरदायित्व अधिक, याविषयी आमच्या मनात यत्किंचितही संदेह नाही. आपल्यापैकी जे मोटार चालवितात त्यांनी धुक्यात वेग निम्म्यावर आणणे, हे कोणत्याही दिव्यापेक्षा मोठे पुण्यकर्म होय. परंतु सर्वांना सुबुद्धी होईपर्यंत दूधवाल्याने वाट पाहावी, असे आपण म्हणू शकत नाही. दिवा लावणे म्हणजे दोष पत्करणे नव्हे. आपण घराच्या दाराला कडी लावतो, ती चोराला निर्दोष ठरविण्यासाठी नव्हे.

आणि म्हणूनच मंडळाला एक विनंती करून आम्ही आपली रजा घेऊ. गेल्या पन्नास वर्षांत मंडळाने गणेशोत्सव, हळदीकुंकू, नाटके, वाचनालय अशा अनेक मार्गांनी आपले मराठीपण या गंगाकाठी राखले. ते आपण आपल्यासाठी केले. ज्या गावाने आपणांस भाकरी दिली, त्या गावासाठी सुवर्णमहोत्सवी वर्षात हे एक लहानसे काम करता येईल. दिवाळी संपली की धुक्याचे दिवस फार दूर नसतात. दिवाळीनंतरच्या एखाद्या रविवारी मंडळाच्या अंगणात आपल्या घरी येणारे दूधवाले, वर्तमानपत्रवाले, चौकीदार आणि धुणीभांडी करणाऱ्या बायांच्या घरची माणसे यांना सायकलीसह बोलवावे. चहा-फराळ द्यावा, आणि मंडळाच्या मुलामुलींनी प्रत्येक सायकलीच्या चाकांना दिवे व पट्ट्या बसवून द्याव्यात. खर्च फार नाही. सभासदांनी आकाशकंदिलाच्या खरेदीबरोबर एकेका सायकलीचा भार उचलला तरी काम भागेल. सेल कधी बदलावयाचा तेही मुलांनीच समजावून सांगावे आणि मकरसंक्रांतीला तिळगूळ देताना सर्व दिवे पुन्हा एकदा तपासून घ्यावेत, कारण धुके तोवर उठलेले नसते.

यासाठी लागणाऱ्या पहिल्या दहा सायकलींचा खर्च आम्ही आजच कार्यवाहांच्या स्वाधीन करीत आहोत. उरलेल्यांची नोंद सभा संपल्यावर दाराशी ठेवलेल्या वहीत करावी.